दिवे जायला ६४ तास

सप्टेंबर २००४. सुमारे साडेअकरा महिने बाकी

इव्हान नावाचं चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून न्यू ऑर्लिन्सच्या रोखाने निघालं आणि पूर्वेला सरकून अलाबामाच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स वाचलं. मेमोरियल मेडिकल सेंटर या तिथल्या मोठ्या खासगी रुग्णालयात मात्र देखभाल विभागाच्या लोकांनी नंतर एक इशारा दिला. रुग्णालयाचा बहुतांश भाग ठप्प व्हायला पाणी फार उंच चढावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कारण कुणालाही समजण्यासारखं होतं. बाहेरची वीज गेली की जनरेटर सुरू होतो, पण त्याची वीज वॉर्डांकडे वळवायला चेंजओव्हर स्विच लागतात. मेमोरियलचे मुख्य स्विच जमिनीपासून जेमतेम काही फुटांवर होते. रुग्णालय शहराच्या सखल भागात, समुद्रसपाटीच्याही खाली. दोष पुरता काढायचा तर खर्च मोठा होता. त्यामानाने स्वस्त अशा काही सुधारणा झाल्या. स्विच होते तिथेच राहिले.

मेमोरियलची गोष्ट एरवी २९ ऑगस्ट २००५ पासून, म्हणजे कतरिना वादळ किनाऱ्याला लागलं त्या दिवसापासून सांगितली जाते. मला ती इथून सांगायची आहे. पुढचं वेळापत्रक त्या स्विचच्या उंचीने आधीच ठरवून टाकलं होतं. पाणी तिथवर पोचायला किती वेळ घेतं, एवढंच काय ते बाकी होतं.

आणि हा धोका तेव्हा नवा नव्हता. जून २००१ मध्ये ऍलिसन वादळाच्या पावसाने ह्यूस्टनमधलं टेक्सस मेडिकल सेंटर बुडालं, तळघरांतली विजेची यंत्रणा पाण्याखाली गेली आणि तिथलं मेमोरियल हर्मन रुग्णालय रिकामं करावं लागलं. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स हे अंतर मोटारीने पाच-सहा तासांचं.

मेमोरियलकडे आपत्ती आराखडा नव्हता असं मुळीच नाही. २४६ पानांचा आराखडा होता. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर देशभर जैविक हल्ल्याची धास्ती होती, आणि आराखड्यात वादळापेक्षा त्या विषयाला जास्त जागा मिळाली होती. वीज संपूर्ण गेली तर काय करायचं, हे त्यात नव्हतं. रस्ते पाण्याखाली असताना रुग्णालय रिकामं कसं करायचं, हेही नव्हतं. समुद्रसपाटीखालच्या शहरातल्या रुग्णालयाच्या कागदावर नेमक्या याच दोन जागा कोऱ्या होत्या.

रुग्णालयांची सुरक्षितता आणि जोखीम तपासणारे स्वतंत्र सल्लागार हा अमेरिकेत एक वेगळा व्यवसाय आहे. कुणी आधी पोलिसात असतो, कुणी अग्निशमन दलात, कुणी अभियंता, कुणी सिस्टर. त्यांतले खरोखर स्वतंत्र असतात ते सुरक्षारक्षक पुरवत नाहीत, कॅमेरे विकत नाहीत, जनरेटरची एजन्सी चालवत नाहीत. त्यामुळे 'हे काढून ते बसवा' म्हणण्यात त्यांचं कमिशन नसतं आणि 'सगळं उत्तम आहे' म्हणण्यात त्यांची नोकरी टिकायची नसते. त्यांचं बरंचसं काम पायी चालायचं. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून निघायचं. चेंजओव्हर, पॅनेल, केबल असं करत रुग्णाच्या उशाच्या सॉकेटपर्यंत पोचायचं, आणि या सगळ्या वाटेत सर्वांत खालची वस्तू कोणती ते पाहायचं. मग तशीच दुसरी वाट: खाटेपासून निघून इमारतीबाहेर. लिफ्ट बंद आहे, अंधार आहे आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, असं धरून.

देखभाल विभागाचा इशारा अगदी बरोबर होता. पण घरच्या अभियंत्याचा इशारा खर्चाच्या बाकीच्या मागण्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेत नवं स्कॅन मशीन नेहमी पुढे असतं, कारण ते कमाई करून देतं. बाहेरच्या माणसाचा अहवाल थेट संचालक मंडळापुढे ठेवता येतो, विमा कंपनी तो मागू शकते, उद्या कोर्टात तो पुरावा होऊ शकतो. तोही कपाटात पडून राहतो, हे खरं आहे. पण मग 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय राहत नाही. स्वतंत्र सल्लागाराचं मोल मला यात दिसतं. त्याला जास्त कळतं असं नाही. त्याने सांगितलेलं दडपणं जरा जड जातं.

रविवार, २८ ऑगस्ट २००५, सकाळी १० च्या सुमारास. ६४ तास बाकी

कतरिना आखातात आहे. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला आहे. महापौर रे नेगिन यांनी सगळं शहर रिकामं करण्याचा सक्तीचा हुकूम काढला. रुग्णालयांना त्यातून सूट दिली. आयसीयूतले रुग्ण रस्त्यावरच्या वाहतूककोंडीत अडकवण्यापेक्षा भक्कम इमारतीत ठेवलेले बरे, हा विचार चुकीचा नव्हता. मात्र त्याला एक अट चिकटलेली होती. इमारत भक्कम असून भागणार नव्हतं, तिच्यातली वीजही टिकायला हवी होती.

इमारतीवर शहराचा विश्वास होता. १९२६ मध्ये सदर्न बाप्टिस्ट हॉस्पिटल म्हणून ती सुरू झाली, आणि मालकी टेनेट हेल्थकेअर या कंपनीकडे गेल्यावरही लोक तिला बाप्टिस्टच म्हणत. वादळ आलं की बाप्टिस्टमध्ये जायचं, ही कित्येक कुटुंबांची रीत. कर्मचारी आपली मुलं, आईवडील, कुत्री-मांजरं घेऊन आले. सगळे मिळून जवळपास २००० माणसं त्या छपराखाली जमली. त्यात रुग्ण दोनशेहून अधिक, कर्मचारी सुमारे ६००.

सातव्या मजल्यावर आणखी एक रुग्णालय होतं. लाइफकेअर नावाच्या वेगळ्या कंपनीने तो मजला भाड्याने घेतला होता. दीर्घकाळ उपचार लागणारे, व्हेंटिलेटरवरचे, स्वतः हालचाल करू न शकणारे रुग्ण तिथे असत. वादळाच्या आधी लाइफकेअरने चालमेट इथल्या आपल्या दुसऱ्या केंद्रातले रुग्णही इथेच आणून ठेवले. चालमेटच्या मानाने ही जागा सुरक्षित, असा हिशेब.

इथे थोडं थांबायला हवं. एकाच इमारतीत दोन मालक, दोन कर्मचारीवर्ग, दोन मुख्यालयं. ती दोन्ही मुख्यालयं दुसऱ्या राज्यात, टेक्ससमध्ये. रुग्णालय रिकामं करायची वेळ आली तर सातव्या मजल्याच्या रुग्णांची जबाबदारी कुणाची? हेलिकॉप्टर आलं तर त्यात त्यांची जागा कोण धरणार? हा प्रश्न कोरड्या दिवशी, चहा पिता पिता, दहा मिनिटांत विचारून लिहून ठेवता आला असता. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी रुग्णालयांत आज डायलिसिस एकाचं, रक्तपेढी दुसऱ्याची, आयसीयू तिसऱ्याला चालवायला दिलेला असतो. आगीच्या रात्री त्या मजल्याचा धनी कोण, हे तिथेही कुठे लिहिलेलं आहे का ते पाहण्यासारखं आहे.

सोमवार, २९ ऑगस्ट, पहाटे ४:५५. ४५ तास बाकी

शहराची वीज गेली. खोल्यांमधले टीव्ही बंद झाले. जनरेटर ठरल्याप्रमाणे चालू झाले.

जनरेटरची यंत्रणा आणीबाणीचे दिवे, काही अत्यावश्यक उपकरणं आणि प्रत्येक मजल्यावरचे मोजके सॉकेट एवढ्यासाठीच होती. वातानुकूलन त्यात नव्हतं. लुइझियानाच्या ऑगस्टमधला दमट उकाडा आणि उघडझाप होत नाहीत अशा काचांची इमारत. उकाड्याचा प्रश्न त्या पहाटेपासूनच सुरू झाला होता. तो अजून कुणाला प्रश्न वाटत नव्हता इतकंच.

सोमवार, सकाळी ६:१०. ४४ तास बाकी

कतरिनाचा डोळा बुरास गावाजवळ किनाऱ्याला लागला. मेमोरियलच्या काचा फुटल्या, दोन इमारतींना जोडणारा पूल वाऱ्याने हादरत राहिला, छपरातून पाणी आलं.

सोमवार, रात्री ८. ३० तास बाकी

वादळ ओसरलं. रस्त्यांवर साचलेलं पाणीही उतरलं. रुग्णालय जखमी होतं पण चालू होतं. बाप्टिस्टने आणखी एक वादळ पचवलं, असं वाटून लोक झोपायला गेले.

तिकडे शहराच्या संरक्षक भिंती अनेक ठिकाणी फुटल्या होत्या. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याच्या भगदाडातून पाँटचरट्रेन सरोवर शहरात रिकामं होऊ लागलं होतं. शेवटी शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या ३० तासांचं मोल मोठं होतं. दिवे चालू होते, लिफ्ट चालू होती, रस्ते काही काळ मोकळे होते. भिंत फुटल्याची खबर कुठून येणार आणि ती आली की कुणी काय हलवायचं, हे ठरलेलं असतं तर सोमवारची रात्र कामाची ठरली असती. शहर पाण्याखाली जाऊ शकतं, हे सरकारला माहीत होतं. जुलै २००४ मध्येच केंद्र आणि राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांनी 'हरिकेन पॅम' नावाने अशाच काल्पनिक महावादळाची तालीम केली होती.

मंगळवार, ३० ऑगस्ट, सकाळी ७. १९ तास बाकी

रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांतून पाणी वर येऊ लागलं. पाऊस नाही, वारा नाही, आणि पाणी वाढतंच आहे. वरिष्ठांना अर्थ लगेच कळला. स्विचच्या उंचीची माहिती त्यांच्यापैकी काहींना होतीच. रुग्णालय बंद करून रिकामं करावं, असा सल्ला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना देण्यात आला.

मंगळवार, दुपारी १२:२८. साडेतेरा तास बाकी

मेमोरियलच्या एका प्रशासकाने टेनेटच्या शहराबाहेरच्या रुग्णालयांना ई-मेल पाठवला. त्यात मोठ्या अक्षरांत मदतीची हाक होती: १८० हून अधिक रुग्ण हलवावे लागणार आहेत.

त्याच सुमारास डॉक्टरांची बैठक झाली. आधी कुणाला न्यायचं? एनआयसीयूतली, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातली बाळं, गरोदर स्त्रिया, आयसीयूतले अत्यवस्थ रुग्ण. यावर फारसा वाद नव्हता. मग सूचना आली की ज्यांच्या केसपेपरवर 'डीएनआर' आहे त्यांना शेवटी ठेवावं. हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये, एवढाच डीएनआरचा अर्थ. हा रुग्ण आज मरणार आहे किंवा त्याला वाचवायचं नाही, असा तो नव्हे. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी शांतपणे विचार करून दिलेली ती संमती त्या दुपारी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरली गेली. या डॉक्टरांना मी कठोर म्हणणार नाही. जो निर्णय आधी, पुरेशा वेळात, नीतिशास्त्र जाणणाऱ्यांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत घेऊन व्हायला हवा होता, तो घामेजलेल्या थकल्या माणसांच्या गळ्यात पडला.

मंगळवार, दुपार ते संध्याकाळ. बारा ते सात तास बाकी

हेलिकॉप्टर येऊ लागली. उतरायला जागा होती ती पार्किंगच्या इमारतीच्या माथ्यावरचं जुनं हेलिपॅड, कित्येक वर्षं न वापरलेलं. ते वजन पेलेल का, याचीच आधी शंका होती.

तिथवर पोचायची वाट अशी. वॉर्डातून दुसऱ्या मजल्यावर. तिथे यंत्रांच्या खोलीच्या भिंतीत सुमारे तीन फूट लांब, तीन फूट रुंद भोक. त्यातून रुग्णाला स्ट्रेचरसकट पार्किंगच्या इमारतीत सरकवायचं. मग ट्रकमधून वरच्या मजल्यापर्यंत. मग लोखंडी जिना, उचलून. एका रुग्णाला इतकी माणसं आणि इतका वेळ. ज्याचं वजन जास्त त्याला त्याहून अधिक. या वाटेची रंगीत तालीम कधी झाली नव्हती, कारण ही वाट आहे हेच मुळी त्या दिवशी शोधून काढलं गेलं.

मंगळवार, रात्र. काही तास बाकी

तटरक्षक दलाने रात्रीही रुग्ण न्यायची तयारी दाखवली. मेमोरियलने नकार दिला. हेलिपॅडवर पुरेसे दिवे नव्हते, कठडा नव्हता, आणि दोन दिवस राबलेल्या माणसांना विश्रांती हवी होती.

या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा ही आहे. स्विच वर हलवायला मोठी रक्कम लागली असती, ते परवडत नाही असं म्हणायला काहीतरी आधार होता. पण हेलिपॅडला कठडा आणि बॅटरीवरचे दिवे? रुग्णालयाच्या खर्चात ती रक्कम कुणाच्या नजरेतही भरली नसती. ज्या माणसाला या इमारतीची सवय झालेली नाही, असा कुणी एकदा रात्री त्या लोखंडी जिन्याने वर चढला असता, तर पाच मिनिटांत त्याने ते वहीत लिहून घेतलं असतं. नेहमी तिथे वावरणाऱ्यांना ते दिसत नाही, यात त्यांचा दोषही नाही. बंद पडलेल्या हेलिपॅडवर रात्री कोण कशाला जाईल?

दिवस संपला तेव्हा मेमोरियलच्या स्वतःच्या १८७ पैकी सुमारे १३० रुग्ण उरले होते. सातव्या मजल्यावरचे लाइफकेअरचे ५२ च्या ५२ जागच्या जागी होते. त्यांतले सात जण व्हेंटिलेटरवर.

बुधवार, ३१ ऑगस्ट, पहाटे २. शून्य

जनरेटर अडखळले आणि थांबले.

वॉर्डांत एकदम शांतता झाली आणि पाठोपाठ सातव्या मजल्यावर अलार्म वाजू लागले. व्हेंटिलेटर आपल्या छोट्या बॅटरीवर गेले होते. मुंबईत तेव्हा बुधवारचे दुपारचे साडेबारा वाजले होते. २६ जुलैच्या पुराला पाच आठवडे झाले होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता आणि शहर अजून त्यातून सावरत होतं.

शून्यानंतर अर्धा तास

बॅटऱ्या संपल्या. अंधारात अंबू बॅग दाबून हाताने श्वास देणं सुरू झालं. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर काही अत्यवस्थ रुग्ण नेऊ शकतील, पण लगेच वर आणा, असा निरोप आला. स्वयंसेवकांनी सातव्या मजल्यावरून पाच मजले, जिन्याने, टॉर्चच्या उजेडात रुग्ण खाली आणले. पाय घसरू न देता, नळ्या सुटू न देता, आणि वाटेत अंबू बॅगची लय न चुकवता.

एका वृद्ध रुग्णासोबत त्याची सिस्टर बॅग दाबत जवळजवळ तासभर दुसऱ्या मजल्यावर थांबून राहिली. एका डॉक्टरने त्याला तपासलं आणि सांगितलं, की याला द्यायला ऑक्सिजन नाही आणि आता उशीर झाला आहे. तिने हात थांबवले.

शून्यानंतर सहा तास

उजाडलं. शंभराहून अधिक रुग्ण अजून आत होते. डॉक्टरांनी त्यांना आकडे दिले. बसू-चालू शकणारा तो एक. मदत लागणारा तो दोन. अतिशय आजारी किंवा डीएनआर असलेला तो तीन. आकडा कागदावर लिहून गाऊनला किंवा खाटेला चिकटवला. एक क्रमांकाचे आपत्कालीन विभागाच्या उतारावर, बोटींसाठी. दोन क्रमांकाचे त्या भिंतीतल्या भोकाजवळच्या रांगेत. तीन क्रमांकाचे दुसऱ्या मजल्याच्या लॉबीत, एटीएमच्या आसपास. तिथे माणसं पुठ्ठ्यांनी त्यांना वारा घालत होती. हवेसाठी कर्मचाऱ्यांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. संडास तुंबले. उकाडा असह्य झाला.

अशा प्रसंगी रुग्णांचा क्रम लावण्याच्या रूढ पद्धती आहेत. पण त्या शिकलेल्या, सरावलेल्या माणसांनी वापरायच्या असतात, आणि परिस्थिती बदलेल तसा क्रमही बदलायचा असतो. इथे एकदा चिकटवलेला आकडा बहुतेकांच्या बाबतीत तसाच राहिला. बुधवारी तीन क्रमांकावर असलेला रुग्ण गुरुवारीही तीनच.

शून्यानंतर दीड दिवस. गुरुवार, १ सप्टेंबर

मेमोरियलच्या दारात बाहेरच्या जगाच्या अफवा पोचल्या होत्या. लुटालूट, गोळीबार, टोळ्या. काही खरं होतं, बरंच फुगवलेलं. रुग्णालयात शस्त्रं घेतलेली माणसं दारावर उभी होती. पाण्यातून वाट काढत आलेल्या शेजारच्या वस्तीतल्या लोकांना परत पाठवल्याचं आतल्या एका डॉक्टरने नंतर सांगितलं. परत पाठवलेले लोक कृष्णवर्णीय होते आणि तोही. राज्य पोलिसांनी सांगितलं, की संध्याकाळी ५ पर्यंत सगळे बाहेर पडा, त्यानंतर आम्ही संरक्षणाला थांबणार नाही.

रुग्णालयाची सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे गेटवरचा रक्षक आणि सीसीटीव्ही एवढंच डोळ्यांपुढे येतं. मेमोरियलच्या दारात मात्र वेगळीच गोष्ट कमी होती: बाहेर नेमकं काय चाललं आहे हे खात्रीने सांगू शकणारा एक माणूस, आणि संपर्काचं एक साधन जे वीज आणि मोबाइलवर अवलंबून नाही. ५ वाजताच्या मुदतीने उरलेल्या रुग्णांच्या डोक्यावर घड्याळ टांगलं. पुढे सगळ्यात गंभीर आरोप ज्या तासांबद्दल झाले, ते हे तास होते.

टेनेटने मागवलेली खासगी हेलिकॉप्टर याच दिवशी आली. शहरातल्या ट्यूलेन रुग्णालयाच्या मालक कंपनीने सरकारी मदतीची वाट न पाहता आपल्या रुग्णांसाठी हेलिकॉप्टर भाड्याने घेतली होती. म्हणजे पैसे मोजून हा मार्ग मोकळा करता येत होता. रात्र पडल्यावर शेवटचा जिवंत रुग्ण मेमोरियलमधून हलला.

रविवार, ११ सप्टेंबर

मेमोरियलमधून ४५ मृतदेह बाहेर काढले. त्या पुरात शहरातल्या एवढ्या मोठ्या कुठल्याही दुसऱ्या रुग्णालयात इतके सापडले नाहीत.

काही मृतदेहांत मॉर्फीन आणि गुंगीच्या औषधाचे अंश मिळाले. जुलै २००६ मध्ये एक डॉक्टर आणि दोन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांवर पुढे खटला चालला नाही, आणि जुलै २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने डॉक्टरवर आरोपपत्र ठेवायला नकार दिला. देशभर चर्चा झाली ती याच प्रश्नाची: त्या गुरुवारी वेदना शमवल्या गेल्या की मरण दिलं गेलं? प्रश्न महत्त्वाचा आहे. पण त्या चर्चेच्या धुरळ्यात २००४ चा तो इशारा मागे पडला. माणसांना अशा खोलीत आणून सोडणारे निर्णय कुणी, कुठल्या बैठकीत घेतले, याची चौकशी तेवढ्या उत्सुकतेने झाली नाही.

ती झाली दिवाणी न्यायालयांत. न्यू ऑर्लिन्सच्याच पेंडलटन मेमोरियल मेथडिस्ट रुग्णालयात वीज गेल्याने व्हेंटिलेटरवरच्या एका स्त्रीचा मृत्यू झाला होता. रुग्णालयाचा बचाव असा, की हा वैद्यकीय हलगर्जीचा दावा आहे, म्हणून त्याला त्या कायद्याचे सगळे नियम आणि भरपाईची मर्यादा लागू करा. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते मानलं नाही. पर्यायी वीज पुरेशी न ठेवणं, रुग्ण हलवायची योजना नसणं, ही उपचारातली चूक नाही. इमारत आणि कारभार चालवणाऱ्यांच्या सामान्य निष्काळजीपणाचा तो मुद्दा आहे. म्हणजे डॉक्टरच्या बॅगेतून जबाबदारी उचलून न्यायालयाने ती व्यवस्थापनाच्या टेबलावर ठेवली. मेमोरियलच्या रुग्णांनी आणि नातेवाइकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात टेनेटने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलरची तडजोड केली.

२९ ऑक्टोबर २०१२ आणि नंतर

सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरलं. एनवाययू लँगोन रुग्णालयाची पर्यायी वीज बंद पडली. ३०० हून अधिक रुग्ण रात्रीतून जिन्याने उतरवले, त्यात एनआयसीयूतली २० बाळं. जवळच्या बेलव्ह्यूने जनरेटर १३ व्या मजल्यावर नेले होते, पण त्यांना डिझेल पोचवणारे पंप तळघरात राहिले. पंप बुडाले. कर्मचारी आणि जवान जिन्यावर रांग लावून डिझेल १३ मजले वर चढवत राहिले, आणि अखेर रुग्णालय रिकामं करावंच लागलं. यंत्र वर नेऊन भागत नाही. साखळीतली सर्वांत खालची वस्तू शोधावी लागते.

सप्टेंबर २०१६ मध्ये, मेमोरियलनंतर ११ वर्षांनी, अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्यविमा यंत्रणेने सर्व प्रकारच्या आपत्तींचं जोखीम-मूल्यांकन तिच्याकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना सक्तीचं केलं. ह्यूस्टनने त्याच्या पुष्कळ आधी, ऍलिसननंतर, विजेची यंत्रणा वर उचलून घेतली होती आणि पाणी अडवणारे दरवाजे बसवले होते. २०१७ मध्ये हार्वे वादळ तिथे ठाण मांडून बसलं, आणि टेक्सस मेडिकल सेंटरची बहुतेक रुग्णालयं चालू राहिली.

कतरिनाच्या एक महिना आधी, २६ जुलै २००५ लाच, चिपळूणही बुडालं होतं. तो पूर तिथे अनेक घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर खूण म्हणून राहिला होता. पाणी कुठवर चढतं याचं माप गावात कुणालाही ठाऊक होतं. २२ जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, आणि कित्येक ठिकाणी त्या खुणेच्याही वर गेलं. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि त्या पुरात तिथले ८ रुग्ण दगावले. त्यांच्यात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण होते. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या काठापासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत पूररेषेच्या आत आजही रुग्णालयं चालतात. त्यांच्या फायर ऑडिटचे कागद तपासले जातात, एनओसीची तारीख पाहिली जाते. विजेचं मुख्य पॅनेल जुन्या पुराच्या खुणेपासून किती फूट वर आहे, हा रकाना मात्र त्या कागदांत नाही. तो भरायला मोजपट्टी लागते, आणि ज्याला त्या रुग्णालयाला पुढे काही विकायचं नाही असा एक माणूस.